मोजके कपडे आणि मुंबईची दोरी

मुंबईत राहणाऱ्या माणसाला नेमके किती कपडे पुरतात? मोजक्या कपड्यांवर गेल्या पन्नासेक वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक थंड देशांत. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फो यांनी १९७०च्या दशकात 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना रूढ केली. चांगल्या प्रतीचे थोडे कपडे घ्यायचे, ते एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि वर्षानुवर्षं टिकले पाहिजेत, असा तिचा आशय. न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी १९८५ मध्ये नोकरदार बायकांसाठी 'सेव्हन ईझी पीसेस' नावाचा सात कपड्यांचा संच बाजारात आणला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर यांनी ३३ वस्तूंत ३ महिने काढण्याचा नियम घालून दिला. चपला, दागिने, कोट सगळं त्या ३३ मध्ये धरायचं. आतले कपडे, झोपायचे कपडे, व्यायामाचे कपडे वगैरे वगळायचे.

या सूत्रांचा गाभा एकच आहे: थरावर थर. आत पातळ, वर स्वेटर, त्यावर कोट. थंडी वाढली की थर वाढवा, कमी झाली की उतरवा. पाच-सहा कपड्यांची अदलाबदल करून पंचवीस पोशाख तयार होतात ते या थरांमुळे. आपल्याकडचे फॅशनवरचे लेख हीच यादी उचलतात आणि लोकरी कोटाच्या जागी डेनिमचं जॅकेट घालून ती मुंबईकरांच्या हाती देतात. मे महिन्यात दादरच्या पुलावर डेनिमचं जॅकेट घालून उभं राहिलेल्या माणसाला या यादीबद्दल काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. व्यायामाचे कपडे वगळायची सवलतही आपल्या कामाची नाही. सकाळी ८:४०ची लोकल पकडणं हा व्यायाम धरला, तर आपले सगळेच कपडे व्यायामाचे.

मुंबईच्या हवेचं गणित तापमानात शोधलं तर चुकतं. जानेवारीतली पहाट १७-१८ अंशांची, मे महिन्यातली दुपार ३३-३४ची. पारा सगळ्यात वर चढतो तो बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचे खारे वारे दुपार उलटेपर्यंत शहरात शिरत नाहीत तेव्हा. मार्च १९५६ मध्ये सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. पण असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कपड्यांचा खरा प्रश्न दमटपणाचा आहे. मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. तिथून पुढच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर ठाण मांडून असते. मग ऑक्टोबरचा उकाडा. म्हणजे थंडीचे थर रचायला वर्षातले जेमतेम सहा-आठ आठवडे मिळतात आणि त्यातही पहाटेपुरती एखादी शाल पुरते.

अंग गार राहतं ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते आणि ती बरीचशी त्वचेतून जाते. जो घाम निथळून खाली पडतो त्याचा उपयोग शून्य. कोरड्या हवेत हे काम आपोआप होतं; दमट हवेत मात्र कापड आणि कातडी यांच्यामधून वारा खेळायला जागा ठेवावी लागते. त्यामुळे किनाऱ्यावर रंगापेक्षा ढगळपणाला जास्त महत्त्व. १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत वाळवंटातल्या बेदुइनांच्या काळ्या झग्यांवर एक गाजलेला निबंध आला होता. ढगळ झगा काळा असो वा पांढरा, आतल्या त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता सारखीच भरली. काळं कापड जास्त तापतं, पण ती उष्णता झग्याखालच्या हवेबरोबर निघून जाते. वाळवंटातला निष्कर्ष जसाच्या तसा गिरगावात आणता येणार नाही, हे खरं. तरी 'उन्हाळ्यात पांढरंच घाला' असं सांगणाऱ्यांनी शर्टाच्या मापाबद्दलही दोन शब्द बोलावेत. शिंपी विचारतो, "लूज ठेवू की फिटिंगमध्ये?" या शहरात कपड्यांविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच असतो आणि आपण आरशात बघून त्याचं उत्तर चुकवतो.

घालण्याबद्दल एवढं पुरे. कपाटात किती कपडे हवेत हे मात्र घालण्यावर ठरत नाही, वाळण्यावर ठरतं. मोजक्या कपड्यांच्या पाश्चात्त्य चर्चेत हा मुद्दा जवळपास नाहीच, कारण तिथे घरोघरी वाळवणयंत्रं तरी असतात, नाहीतर हिवाळ्यात घर तापवणारे रेडिएटर असतात. आपल्याकडे दोरी आहे. एका खोलीत आयुष्य काढलेली माणसं 'एक अंगावर, एक दोरीवर' असं म्हणायची, त्यात गरिबी होतीच. पण दोन कपड्यांत भागायचं तर दुसरा रात्रीतून वाळला पाहिजे, ही अटही होती.

ती अट जुलैत किती कडक होते ते पाहा. ओलं कापड किती वेगात वाळेल हे मुख्यतः हवेत अजून किती वाफ मावू शकते यावर अवलंबून असतं. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, जशी जानेवारीतल्या दुपारी असू शकते, तर हवेत वाफेला मोकळी जागा बरीच असते. तापमान तेच ठेवून आर्द्रता ८५ टक्के केली तर ती जागा सुमारे साडेतीन पटींनी आक्रसते. ऊन नाही, वारा नाही, दोरी घरात बांधलेली, हे त्यात धरलेलंच नाही. जानेवारीत दोन तासांत वाळणारा शर्ट जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळीही हाताला गार लागतो तो यामुळे. जीन्सचं तर बोलूच नका. जाड पट्टा, खिशांचे दुहेरी थर, शिवणीच्या गाठी. बाकी पँट वाळली तरी तिसऱ्या दिवशी कंबर ओलीच.

पॉलिएस्टरची कथा इथे आठवावी लागते. १९७० आणि ८०च्या दशकांत टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन यांनी मध्यमवर्गीय घरं काबीज केली आणि त्याचं खापर आपण आजही जाहिरातींवर आणि 'फॉरेन'च्या आकर्षणावर फोडतो. जाहिराती होत्याच. पण रात्री पिळून टाकलेला शर्ट सकाळी वाळलेला मिळतो आणि त्याला इस्त्री लागत नाही, ही गोष्ट चाळीतल्या माणसासाठी साधी नव्हती. गिरण्यांच्या शहराने गिरणीचं सुती कापड सोडून कृत्रिम धागा अंगाला लावला यामागे जुलै महिन्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. नोकरी करणाऱ्या बायकांनी तर सरळ वाटणीच केली: सुती साड्या आठ महिन्यांच्या आणि जॉर्जेटच्या, नायलॉनच्या 'पावसाळी' साड्या वेगळ्या. मोजक्या कपड्यांचं नियोजन म्हणतात ते हेच, आणि ते त्यांनी कोणाच्या यादीशिवाय केलं.

पॉलिएस्टर लवकर वाळतं कारण ते पाणी पितच नाही. प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर मोजून ०.४ टक्के. याच गुणाचा दोष अंगावर कळतो. घाम कापडात मुरत नाही, कातडीवर चिकटून राहतो, आणि वास येतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास सुतीपेक्षा उग्र होता आणि दुर्गंधी तयार करणारे मायक्रोकॉकस जंतू त्या धाग्यावर जास्त फोफावले होते.

सुती कपड्यांना निर्दोष सुटका मात्र नाही. घरात वाळवलेल्या कपड्यांना येणारा तो ओळखीचा कुबट वास मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस या जंतूचा, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. धुतल्यावरही तो कापडात तग धरतो, आणि कापड जितका वेळ ओलं राहील तितकं त्याचं फावतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे तर याहून गंभीर तक्रारी येतात. भारतात गेल्या दशकभरात नायट्याचा जो चिवट, औषधांना दाद न देणारा प्रकार पसरला, त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. औषधासोबत डॉक्टर जे सांगतात ते कपाटाबद्दलच असतं: घट्ट जीन्स आणि लेगिंग बंद करा, कपडे पूर्ण वाळवा, इस्त्री फिरवा, टॉवेल एकमेकांचे वापरू नका. अर्धवट वाळलेली पँट 'अंगावर वाळेल' म्हणून चढवणं ही आपली जुनी सवय. ती सोडायला एक जादा पँट घ्यावी लागत असेल तर घ्यावी. संख्या कमी ठेवण्याच्या हट्टापायी मांडीला नायटा होणार असेल तर त्या साधेपणाला काय अर्थ आहे?

एकीकडे घाम पिणारा धागा हवा, दुसरीकडे तो लवकर वाळायला हवा. यातून मार्ग आहे, आणि तो धाग्याच्या जातीपेक्षा कापडाच्या वजनात आहे. कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर मोजतात. मलमल ६०-७० ग्रॅमची, शर्टाचं पॉपलिन ११०-१२०चं, नेहमीचा टी-शर्ट १६०-१८०चा आणि १२ औंसी डेनिम ४००च्या पुढचं. सगळी सुतीच. धुऊन पिळल्यावर कापडात त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं असं धरलं, तर जीन्सला मलमलीच्या सहापट पाणी हवेत सोडायचं असतं. म्हणून 'कॉटन घ्या' हा सल्ला अर्धवट आहे. मलमल, वॉइल, केंब्रिक, कोटा डोरिया, मंगलगिरी ही कापडं किनाऱ्याची. जाड हातमागी खादी, पाहायला कितीही देखणी असली, तरी पावसाळ्यात कपाटातच बरी. लिनन उत्तम, पण महाग, आणि चुरगळलेलं चालेल अशा कचेरीतच चालतं. रेयॉन अंगाला गार लागतं म्हणून कुर्त्यांमध्ये सगळीकडे दिसतं; मात्र ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, पिळताना ते ताणतं, आणि वर्षभरात कुर्त्याचा घेर एका बाजूने लोंबू लागतो. टिकाऊ कपाटात त्याला फार जागा देऊ नये. सुती-पॉलिएस्टर मिश्रणाकडे नाक मुरडायचं कारण नाही. पावसाळी पँटसाठी तेच बरं, कारण पँट कातडीला शर्टाइतकी बिलगत नाही.

वजनाचा हा नियम सगळ्यात आधी टॉवेलला लावावा. फुगीर टर्किश टॉवेल हा किनाऱ्यावरचा सगळ्यात चुकीचा कपडा. कोकणात पंचा होता, केरळात तोर्त आहे: पातळ, विरळ विणीचं, अंग पुसून दोरीवर टाकलं की तासाभरात कोरडं. तीन पंचे दोन टॉवेलांचं काम करतात आणि कुबट वास मारत नाहीत.

किनाऱ्यावरच्या जुन्या पोशाखांकडे पाहिलं तर त्यातही हेच दिसतं. कोळणींचं काष्ट्याचं लुगडं गुडघ्याच्या खाली थोडंसंच येतं. पाण्यात, चिखलात, बाजारात ते सोगा न भिजवता वावरू देतं. गोव्यातल्या कुणबी बायकांची चौकड्यांची साडी अशीच आखूड नेसली जायची. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा विणून घ्यायला सुरुवात केली आणि लिनन, पांढरा रंग, सैल कट यांवर एक अख्खी किनारी शैली उभी केली. त्यांच्या कपड्यांचं कौतुक महाग हॉटेलांत झालं, पण मूळ शहाणपण शेतात राबणाऱ्या बायकांचं होतं. साडीच्या या लवचीकपणाचं मोजमापही झालं आहे. माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडी, सलवार-कुर्ती, लुंगी, धोतर हे पोशाख कृत्रिम उष्ण पुतळ्यावर चढवून त्यांची ऊब मोजली. तीच साडी पदर खोचून, खांद्यावर मोकळा सोडून किंवा अंगाभोवती गुंडाळून नेसली की ऊब लक्षणीय बदलते. थरावर थर रचण्याचं काम इथे एकच वस्त्र करतं. रोज साडी नेसणाऱ्या बायका शहरात कमी होत चालल्या आहेत आणि त्या परत साडीकडे वळाव्यात असं मी म्हणणार नाही. पण ओढणी, स्टोल, उपरणं यांचं काम काय ते यातून कळतं.

त्यांची गरज वाढलीच आहे, कारण आता मुंबईत दोन हवामानं आहेत. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. घामाने भिजलेला माणूस एकदम गार डब्यात शिरतो आणि तिथून आणखी गार कचेरीत. ताऱ्यांचं मानांकन मिळणारे नवे एसी २०२० पासून २४ अंशांवर लावून विकायचा नियम आला. कचेरीत ते आकडे कोण खाली आणतं हा संशोधनाचा विषय आहे. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढून उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या २८ अंशांवर ठेवल्या आणि टाय-कोट काढायला सांगितलं. होनोलुलूत १९६० च्या दशकात कापड व्यावसायिकांनी दर शुक्रवारी कचेरीत अलोहा शर्ट चालवून घेतला आणि तो तिथला रीतसर पोशाख झाला. क्यूबाने २०१० मध्ये ग्वायाबेरा शर्टाला अधिकृत समारंभांचा दर्जा दिला. तिन्ही ठिकाणी हवेला साजेसा कपडा रीतसर मान्य झाला. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना उन्हाळ्यात काळ्या कोटातून सूट आहे, पण सर्वोच्च आणि उच्च न्यायालय वगळून. म्हणजे माझगावच्या कोर्टात जे चालतं ते फोर्टच्या हायकोर्टात चालत नाही. कॉर्पोरेट जगात तर लिखित नियम नसतानाही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट हीच 'प्रोफेशनल' माणसाची खूण मानली जाते. कुर्ता किंवा बुशशर्ट घालून कर्जाचा अर्ज द्यायला जाऊन पाहावं.

आता आकड्याकडे. पावसाळ्यात कचेरीत जाणाऱ्या माणसाचा एक शर्ट किंवा कुर्ता अंगावर, एक धुण्यात, दोन दोरीवर, एक इस्त्रीवाल्याकडे आणि एक चिंब भिजून आल्या दिवसासाठी: झाले सहा. जानेवारीत चार पुरतात. वर्षभराची संख्या मात्र जुलैच ठरवतो. पँटी, सलवारी चार, त्यात जीन्स फार तर एक, तीही जून ते सप्टेंबर कपाटात. घरात घालायचे तीन जोड, कारण बाहेरून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय इथे कोणी टेकत नाही. दोन टी-शर्ट, सणासमारंभाचे दोन जोड, कचेरीच्या खुर्चीवर कायमचं राहणारं एक उपरणं किंवा पातळ जॅकेट, एक रेनकोट, चार जोड चपला-बूट. आतले कपडे आणि पंचे सोडून गोळाबेरीज पंचविशीच्या आतच राहते. आतल्या कपड्यांत कंजुषी करू नये; इलॅस्टिकचा पट्टा हा सगळ्यात उशिरा वाळणारा आणि सगळ्यात आधी कातडीला त्रास देणारा भाग.

रंगांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. करड्या आणि आकाशी रंगावर घाम उठून दिसतो, पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर कमी. पावसाळ्यात खालचा कपडा गडद आणि घोट्याच्या वर असावा. पलाझो डबक्यातलं पाणी गुडघ्यापर्यंत खेचतो. कोल्हापुरी, चामड्याचे पट्टे, रेशमी साड्या या चार महिन्यांत बुरशीच्या तोंडी द्यायच्या नसतील तर अधूनमधून बाहेर काढून त्यांना पंख्याचा वारा द्यावा लागतो.

मोजक्या कपड्यांच्या उत्साही प्रचारात एक हिशेब दडून राहतो. कपडे कमी म्हणजे धुणी जास्त. आणि घरातली धुणी कोण धुतं, वाळत घालतं, पाऊस आला की धावत काढतं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं: घरातली बाई किंवा धुण्याला येणारी बाई. नवऱ्याने कपाट निम्म्यावर आणून स्वतःला साधं म्हणवून घ्यायचं आणि बायकोने एक दिवसाआड मशीन लावायची, यात साधेपणा कुठे आहे? शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी ठराविक तासच येतं. त्यात दोरीसुद्धा आक्रसते आहे. चाळीला सामाईक गॅलऱ्या होत्या. फ्लॅटमधल्या बाल्कन्या खोलीत सामावून घेतल्या गेल्या. नव्या टॉवरांतल्या अनेक सोसायट्या दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू देत नाहीत. मग ड्रायर येतो, विजेचं बिल येतं, आणि ज्या पर्यावरणासाठी कपडे कमी केले ते तिथेच गळतं. घर बघायला गेलेला माणूस पार्किंग विचारतो, मोड्युलर किचन विचारतो. कपडे कुठे वाळणार हे विचारत नाही.

खरेदीतही हाच पेच आहे. तयार कपड्याच्या लेबलवर धागा कोणता, किती अंशांच्या पाण्यात धुवायचं, ब्लीच चालेल का हे लिहिलेलं असतं. कापडाचं वजन क्वचितच असतं. कापड घेऊन शिवून घेणाऱ्याचं त्यामानाने बरं चालतं. मंगलदास मार्केटात किंवा हिंदमाताला कापड बोटांत चोळून पाहता येतं, उजेडाकडे धरता येतं, आणि जुना दुकानदार असेल तर तो धाग्याचा काउंट न विचारता सांगतो. मोठ्या ब्रँडांनी आतल्या शिवणीवर एक आकडा छापला, दर चौरस मीटरला किती ग्रॅम, तर किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला दुकानातच कळेल की हा शर्ट जुलैत रात्रीतून वाळेल की नाही.